शाळूचे धसकट आणि सोयाबीनचे सोटमूळ

फाल्गुन उतरणीला लागला की कराड, वाळवा, कडेगाव या पट्ट्यात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काढणीची घाई सुरू होते. आपल्याकडे शाळू कापण्यापेक्षा उपटण्याचीच रीत जास्त. ताट बुडाशी धरून हिसका द्यायचा, बुडख्याला चिकटलेले ढेकूळ आपटून झाडायचे आणि ताट आडवे टाकायचे. काळे रान तोवर भेगाळून दगडासारखे झालेले असते, त्यामुळे उपटणाऱ्या बायकांच्या तळव्यांना दुसऱ्या दिवशीच फोड येतात. मग पलटी नांगर फिरतो, जमिनीत राहिलेली धसकटे वर येतात, ती वेचून बांधावर ढीग लावतात आणि एखाद्या संध्याकाळी पेटवून देतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत रान असे स्वच्छ होते की त्यात पडलेली सुईसुद्धा सापडावी. असे रान हे चांगल्या शेतकऱ्याचे लक्षण, असे माझ्या वडिलांचे मत होते आणि बरीच वर्षे माझेही होते.

आता माझे मत बदलले आहे. या स्वच्छतेची किंमत पुढच्या हंगामात सोयाबीनच्या मुळांना मोजावी लागते, असे मला वाटते. नांगरणी सोडावी की सोडू नये हा वाद आपल्याकडे इंधनाच्या खर्चावर आणि तणांच्या भीतीवर अडकून पडला आहे. त्यात मुळाचा प्रश्न कोणी विचारत नाही. नांगर जे काम करतो ते जमिनीत दुसरे कोणी करणार नसेल, तर नांगर सोडून देण्यात शहाणपणा नाही. ते काम गवतवर्गीय पिकाच्या मुळांकडे सोपवता येते का, आणि आपल्या काळ्या रानात कितपत सोपवता येते, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने त्याचे उत्तर आपल्याच मातीत शोधायला हवे.

गवतवर्गीय हा शब्द ऐकून हरळी किंवा कुंदा डोळ्यांसमोर आणण्याचे कारण नाही. ज्वारी, बाजरी, मका, गहू, नाचणी, ऊस ही सगळी एकाच गवताच्या कुळातली पिके. अमेरिकेत सोयाबीनच्या आधी थंडीत राय नावाचे तृणधान्य पेरतात आणि वसंतात ते मारून, जमीन न उकरता, त्याच्या धसकटांत सोयाबीन पेरतात. ब्राझीलमध्ये हेच काम ब्रॅकियारिया हे गवत करते. अशा पिकाला आच्छादन पीक म्हणतात, कारण ते धान्यासाठी नव्हे, तर जमीन झाकण्यासाठी घेतलेले असते. आपला शाळू त्या अर्थाने आच्छादन पीक नाही. तो खाण्यासाठी आणि वैरणीसाठी आहे. पण सोयाबीन निघाल्यावर मुरलेल्या ओलीवर वाढून जमिनीत खोलवर तंतुमुळांचे जाळे सोडून जाणारे गवत आपल्या पीकक्रमात आधीपासूनच आहे, ही गोष्ट या चर्चेत कोणी जमेस धरत नाही.

सोयाबीनचे मूळ कसे चालते हे आधी पाहिले पाहिजे. बी उगवले की एक सोटमूळ सरळ खाली जाते आणि त्याला बाजूची मुळे फुटतात. वाट मोकळी असेल तर ही मुळे मीटरभराच्या पुढेही जातात. जमिनीचा विरोध सुमारे २ मेगापास्कलच्या, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २० किलोच्या दाबाच्या पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ जवळपास थांबते. मूळ दगड फोडत नाही. ते फट शोधते आणि फट मिळाली नाही तर आडवे होते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी माझ्याच रानात दोन ठिकाणी खड्डे घेतले. एका पट्टीत बरीच वर्षे सलग रोटाव्हेटर चालला होता. दुसऱ्या पट्टीत शाळूनंतर नांगर घातला नव्हता आणि सोयाबीन टोकले होते. खुरप्याने हळूहळू माती सोडवत, वर मगाने पाणी ओतत मुळे मोकळी केली. रोटाव्हेटरच्या पट्टीत वीतभर माती भुसभुशीत होती आणि तिच्याखाली, पात्यांनी घासून गुळगुळीत केल्यासारखा, एक कठीण थर होता. सोटमूळ त्या थरापर्यंत सरळ आले होते आणि तिथे काटकोनात वळून आडवे गेले होते. दुसऱ्या पट्टीत वरची माती हाताला अधिक घट्ट लागली. मला वाटले, इथे मूळ आणखी आखूड निघणार. पण शाळूच्या कुजलेल्या मुळाची तपकिरी, कागदासारखी साल उरलेली एक नळी होती आणि तिच्यातून सोयाबीनचे पांढरे मूळ सुरीने रेघ मारावी तसे खाली गेले होते. एका खड्ड्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण ती नळी पाहिल्यावर धसकटांचा ढीग पेटवताना हात थबकतो, एवढे खरे.

मी पाहिले ते नवे नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ रे वाइल आणि त्यांच्या सहकारी विल्यम्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जमिनीत पारदर्शक नळ्या पुरून छोट्या कॅमेऱ्याने मुळांच्या हालचाली टिपल्या होत्या. दाबल्या गेलेल्या थरातून जाताना सोयाबीनची मुळे आधीच्या पिकाच्या कुजलेल्या मुळांनी करून ठेवलेल्या वाटांचा उपयोग करतात, हे त्यांना त्या चित्रांत दिसले. इथे मात्र एक गोष्ट नीट वाचली पाहिजे, कारण उत्साही मंडळी ती वगळून पुढे जातात. कठीण थर भेदणाऱ्या त्या वाटा मुख्यतः मोहरीच्या कुळातल्या पिकांनी, जाड सोटमुळांनी, केलेल्या होत्या. रायचा मोठा वाटा होता तो वरच्या आच्छादनातून ओल टिकवण्याचा. सोयाबीनला सर्वाधिक फायदा झाला तो चाऱ्याचा मुळा आणि राय यांच्या जोडीनंतर, आणि तोही जिथे जमीन दाबलेली होती आणि पाऊस कमी पडला होता अशा ठिकाणी.

तंतुमूळ आणि सोटमूळ यांच्या कामात फरक आहे. जाड मूळ पहारीसारखे काम करते. ते संख्येने कमी असते, पण थर फोडण्याची ताकद त्याच्यात अधिक. गवताचे मूळ बारीक. ते एकेकटे फार दाब देऊ शकत नाही, पण त्यांची संख्या अफाट असते, ती जिथे फट मिळेल तिथे शिरतात आणि मातीचे कण बांधून रवा तयार करतात. मुळांतून झिरपणारे चिकट द्रव्य, त्याभोवती वाढणारी बुरशी आणि जिवाणू यांच्यामुळे हा रवा पाण्यात लगेच विरघळत नाही. आपल्या भारी जमिनीत हेच जास्त मोलाचे आहे, असे मला वाटते. कारण खरिपात, जुलैच्या झडीत, आपल्या सोयाबीनला कठीणपणाचा त्रास कमी आणि गुदमरण्याचा त्रास अधिक होतो. काळी माती फुगते, भेगा मिटतात, पाणी जागच्या जागी उभे राहते आणि रान चिबडते. पिवळी पडलेली सोयाबीन पाहून आपण दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणतो, पण मुळाला हवाच मिळत नसेल तर पानावर फवारून काय होणार? रवाळ मातीत आणि जुन्या मुळांच्या वाटांत पाणी खाली उतरते, वाफसा लवकर येतो.

कोणी म्हणेल, भेगाळणारी काळी जमीन स्वतःच स्वतःची मशागत करते, मग मुळांच्या वाटा कशाला? आक्षेप रास्त आहे. उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर भेगा हीदेखील वाटच असते. पण ती पावसाबरोबर मिटते. मुळाची नळीसुद्धा माती फुगल्यावर दबते, मात्र तिच्या कडेला सेंद्रिय द्रव्याचे अस्तर असते, ओल उतरताच ती पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. आपल्या मातीत ती किती दिवस उघडी राहते, याचे उत्तर मेरीलँडच्या मातीतून मिळणार नाही. म्हणूनच चाचणी इथे हवी.

दुसरा मुद्दा नत्राचा. ज्वारीनंतरचे पीक हटते, असे जुने शेतकरी सांगतात आणि ते खरे आहे. पक्व ताटाच्या आणि मुळाच्या काष्ठात कर्ब फार आणि नत्र कमी असतो. ते कुजवताना जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि पुढच्या पिकाला काही काळ तो मिळत नाही. शिवाय ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिऑन नावाचे द्रव्य झिरपते, ते बारीक बियांच्या तणांना दाबते. मका किंवा भाजीपाला घ्यायचा असेल तर ही अडचण आहे. सोयाबीनचे तसे नाही. तिच्या मुळांवरच्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात, आणि मातीत तयार नत्र भरपूर असेल तर पीक गाठी बांधण्यात आळस करते. गवताच्या अवशेषांनी मातीतला नत्र थोडा काळ अडवून धरला, तर सोयाबीन स्वतःच्या गाठींकडे लवकर वळते. पेरणीनंतर महिनाभराने रोप उपटण्याऐवजी खणून काढावे आणि एखादी गाठ नखाने फोडून पाहावी: आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. पेरणीच्या वेळी युरियाची गोणी ओतणाऱ्यांनी तरी ही परीक्षा एकदा करावीच.

ब्राझीलचे उदाहरण या वादात नेहमी येते, आणि ते येणे योग्यही आहे. पाराना राज्यातल्या रोलांडियाजवळ हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ मध्ये नांगर सोडला, तो मुसळधार पावसाने माती वाहून जाताना पाहून. आज तो देश जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवतो आणि तिथे विना नांगरणी हीच सर्वसाधारण पद्धत आहे. तिथली सरकारी संशोधन संस्था एम्ब्रापाने मक्यात ब्रॅकियारिया मिसळून पेरण्याची रीत रुजवली. मका निघाल्यावर गवत वाढते, खोल मुळे सोडते, त्यावर जनावरे चरतात आणि मग ते मारून सोयाबीन पेरतात.

पण तिथून आपल्या शिवारात येताना वाटेत एक मोठा खड्डा आहे. अमेरिकेत १९९६ पासून, आणि पुढे ब्राझीलमध्येही, तणनाशक सोसणारी जनुकीय बदल केलेली सोयाबीन आली. गवत मारायलाही ग्लायफोसेट हे तणनाशक आणि पीक उभे असतानाही ग्लायफोसेट, अशी तिथल्या विना नांगरणीची घडी बसली. भारतात अशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. तेव्हा ब्राझीलचे पॅकेज जसेच्या तसे आणा, असे म्हणणारा माणूस एक तर अर्धी गोष्ट सांगतो आहे किंवा त्याला अर्धीच ठाऊक आहे.

उत्पादनाचा हिशेबही सरळ नाही. अमेरिकेच्या मका पट्ट्यातल्या शेतांच्या उपग्रह प्रतिमांवरून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, तीन किंवा अधिक वर्षे आच्छादन पीक घेतलेल्या शेतांत मक्याचे उत्पादन सरासरी ५.५ टक्क्यांनी आणि सोयाबीनचे ३.५ टक्क्यांनी कमी आढळले. आच्छादन पिकाने पेरणीआधी पाणी ओढून घेणे हे त्यामागचे एक कारण. आपल्याकडे याचा अर्थ काय? अमेरिकेत राय मारून लगेच, वसंतातल्या त्याच ओलीवर, सोयाबीन पेरतात. वरच्या पेंढ्यामुळे जमीन थंड राहते आणि उगवण रेंगाळते. आपला शाळू मार्चमध्ये संपतो आणि सोयाबीन जूनमध्ये मोसमी पावसावर येते. मधल्या तीन महिन्यांच्या उन्हात जमिनीतली वरची ओल तशीही उडून जाते. थंडीची तर आपल्याला मेच्या अखेरीस चिंताच नाही, झाली तर रान गार राहण्याची मदतच. मात्र कोणी उन्हाळ्यात खास आच्छादनासाठी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरू म्हणेल, तर त्याने पाण्याचा हिशेब आधी मांडावा. कृष्णाकाठी ते जमेल. माण, खटाव, आटपाडी, जत इथे पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्याला तो सल्ला देणे ही थट्टा होईल.

आपल्याकडचा सर्वात जड आक्षेप मात्र परदेशी संशोधनात सापडत नाही. तो हुमणीचा, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या अळीचा, आहे. कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात हुमणीने ऊस आणि सोयाबीन दोन्ही पोखरले आहेत, आणि उन्हाळी खोल नांगरट करून अळ्या पक्ष्यांच्या आणि उन्हाच्या तोंडी द्याव्यात, ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे. नांगर सोडला तर अळ्यांना अभय मिळणार, त्यात गवताची मुळे म्हणजे त्यांचे आवडते अन्न. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवायचे, हा उपाय गावाने मिळून केला तरच लागू पडतो. एकट्याने केला तर शेजारच्या रानातले भुंगेरे येतातच. म्हणून ज्या रानात हुमणीचा उपद्रव दरवर्षी असतो तिथे नांगर लगेच बंद करा असे मी कोणाला सांगणार नाही. गोगलगायींचेही तसेच. २०२२ मध्ये लातूर आणि आसपासच्या भागात त्यांनी सोयाबीनची रोपे फस्त केली, आणि ओलसर पालापाचोळ्याखाली लपणे त्यांना आवडते, हे विसरून चालत नाही.

वैरणीचा प्रश्न मात्र वाटतो तितका अवघड नाही. कडबा हे आपल्याकडे टाकाऊ नाही. गोठ्यात जनावर असेल तर तो धान्याइतकाच महत्त्वाचा. तो रानात पसरून ठेवा असे सांगणारा तज्ज्ञ गावात दुसऱ्यांदा येऊ शकणार नाही. पण इथेच शाळूची सोय आहे: ताट गोठ्यात जाऊ द्यावे, मूळ रानात राहू द्यावे. त्यासाठी एकच बदल करावा लागतो. उपटण्याऐवजी विळ्याने, जमिनीपासून चार बोटे वर, कापायचे. चार बोटे कडबा कमी मिळेल आणि धसकटे पायात बोचतील. जमिनीत ओल असेल तर बुडख्यातून कोवळे फुटवे येतील. ते जनावराने खाल्ले तर किराळ लागण्याची, म्हणजे विषबाधेची, भीती असते, म्हणून गुरे आणि मेंढरे सोडताना लक्ष ठेवावे लागेल. वरचे आच्छादन नसल्यामुळे ओल टिकवण्याचा फायदा कमी मिळेल, हेही कबूल केले पाहिजे. मुळांच्या वाटा आणि रवा एवढा अर्धा फायदा तरी पदरात पडतो. सोयाबीन काढताना तिचाही पाला आणि भुसकट मळणीच्या खळ्यावरून परत रानात आले तर उरलेल्यातला काही भाग भरून निघेल.

पेरणीच्या दृष्टीनेही हे जुळते. शाळूच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि भारी जमिनीत सोयाबीनच्या दोन ओळींतही ४५ सेंटीमीटर, अशीच शिफारस आहे. जुन्या ओळीच्या बाजूला चार बोटांवर सोयाबीन टोकली तर तिचे सोटमूळ शाळूच्या मुळांच्या वाटांजवळच उतरते. सांगली-साताऱ्यात टोकण यंत्राची सवय आधीच आहे, त्यासाठी वेगळे अवजार आणावे लागत नाही. तणांचा बंदोबस्त मात्र कसून करावा लागेल: पहिल्या दोन वर्षांत भांगलणीची एखादी पाळी वाढते, तणनाशक वापरणाऱ्यांना उगवणीपूर्व फवारणी वेळेवर साधावी लागते, आणि हरळी-लव्हाळ्याने भरलेले रान असेल तर ते आधी स्वच्छ केल्याशिवाय या फंदात पडू नये.

इथे धोरणाचा मुद्दा येतो. २०१४-१५ पासून चालणाऱ्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात नांगर आणि रोटाव्हेटर यांना वर्गवारीनुसार ४० ते ५० टक्क्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत, अनुदान मिळते. शून्य मशागतीचे पेरणीयंत्रही त्या यादीत आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अनुदान यंत्राला मिळते, न केलेल्या नांगरटीला मिळत नाही. जो शेतकरी पहिल्या दोन वर्षांचा धोका पत्करून जमीन न उकरता ठेवतो, त्याच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्रातून गादीवाफे कायम ठेवून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवण्याची रीत भातापासून सुरू करून इतर पिकांपर्यंत नेली. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विना नांगरणीचा आग्रह कित्येक वर्षे धरत आहेत. ही कामे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर केली. त्यांची मांडणी सर्वच ठिकाणी पटावी असे नाही, पण प्रश्न त्यांनी विचारला आणि सरकारी व्यवस्था मागून चालत आली, ही वस्तुस्थिती आहे.

सांगली जिल्ह्यातच कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ आणि फुले किमया म्हणजे केडीएस ७५३ हे सोयाबीनचे वाण तिथलेच. त्यांच्या नावातली अक्षरेच कसबे डिग्रजची आहेत. तांबेरा रोगाने मेटाकुटीला आलेल्या या पट्ट्याला त्या केंद्राने तारले, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. वाणाच्या बाबतीत जेवढे बारकाईने काम झाले, तेवढे मुळांच्या बाबतीत व्हावे, एवढी अपेक्षा वावगी नाही. मागणी फार मोठी नाही: भारी, मध्यम आणि हलक्या अशा तीन जमिनींत, शाळू उपटून नांगरलेली आणि शाळू कापून न नांगरलेली अशा शेजारशेजारच्या पट्ट्या किमान पाच वर्षे त्याच जागी ठेवाव्यात, एकरी उताऱ्याबरोबर मुळांची खोली, गाठींची संख्या, पाणी मुरण्याचा वेग आणि हुमणीच्या अळ्या मोजाव्यात. एका हंगामाच्या आकड्यावर निकाल देऊ नये. नांगर सोडल्यावर माती सावरायला दोन-तीन वर्षे लागतात आणि पहिल्याच वर्षी उतारा घटला म्हणून प्रयोग गुंडाळणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे. उसाच्या रानांचा वेगळा पट्टा ठेवावा, कारण ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या फिरून जो दाब बसतो तो एका शाळूच्या तंतुमुळांनी निघणार नाही. तिथे एकदा खालचा कठीण थर फोडणारा सबसॉयलर घालून मगच नांगर सोडणे शहाणपणाचे ठरेल, किंवा कडवळाबरोबर मोहरीसारखे सोटमुळाचे पीक मिसळून पाहावे लागेल.

तोवर ज्याच्याकडे पाच-दहा गुंठे बाजूला काढण्याची ऐपत आहे त्याने ते काढावेत. मी सहा गुंठे काढले आहेत. यंदा अडचण आली ती वेगळीच: गावात शाळू उपटायचा दर ठरलेला आहे, कापायचा नाही. टोळीची मुकादम बाई म्हणाली, "दादा, वाकून कापायचं म्हंजी कंबर मोडतीया, उपटाय परवडतं." आणि कडबा घेणाऱ्या पाहुण्याने पेंढी उभी करून तिच्या बुडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शेकड्याला भाव थोडा कमी लावला.